चारशे फूट खाली



दीक्षाभूमीला आपण जातो. वंदन करतो, पुस्तके घेतो आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरतो. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरला एक दिवस जादा राहिलो आणि मुलांना सुमारे चाळीस किलोमीटरवरची सावनेरची कोळसा खाण दाखवली. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने तिथे २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केले होते.

आमच्या घोडेगावात जमिनीखाली जाणे म्हणजे विहिरीत उतरणे. सुरुंग उडाला की यारीने खाली जाऊन दगड भरायला आपलीच माणसे. पण विहिरीतून मान वर केली तर आभाळाचा तुकडा तरी दिसतो. खाणीत तोही नाही. डोक्यावर हेल्मेट, त्याला दिवा. तो विझवला की स्वतःचा हात दिसेना. सगळा कोळसा काढून घेत नाहीत. मधे कोळशाचेच जाड खांब राखतात, त्यांवर छत तोललेले असते.

थोरलीने विचारले, "आण्णा, इथे खाली बाया कामाला नसतात का?" कायद्याने बंदी आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मग तिला बाबासाहेबांची हकिकत सांगितली.

व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले. नुसत्या कागदांवर विसंबले नाहीत. भूलनबरारी खाणीत चारशे फूट खाली उतरून त्यांनी काम स्वतः पाहिले. कामगारांच्या खोल्याही पाहिल्या. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

यातली अवघड बाजूही मुलांपासून लपवू नये. स्त्रियांना १९३७ पासून खाणीत उतरायला बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ मध्ये ती उठवली. कायदेमंडळात टीका झाली आणि उत्तर बाबासाहेबांनाच द्यावे लागले. ही निकडीची बाब आहे असे सांगतानाच, त्या कामाला स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी आहे याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९४५ मध्ये खाणीतील बाळंतपणाच्या कायद्यात भूमिगत काम करणाऱ्या बायांसाठी दुरुस्ती झाली. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी परत आली.

"मजुरी सारखी, तर बंदी कशाला?" थोरली म्हणाली. आमच्या सौ. तिच्याच बाजूच्या. मला मात्र पोटासाठी, पोर वर ठेवून टोपल्या उचलणारी बाई दिसत होती. तिला ती बंदी जाच वाटली की सुटका, हे तिला कोणी विचारले होते?

२०१९ मध्ये केंद्र सरकारने नियम सैल केला. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेत खाली जाण्याची मुभा तेव्हा मिळाली, तीही त्यांची लेखी संमती असेल तरच. ही बातमी मी थोरलीला मुद्दाम वाचून दाखवली.

तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करूनच निघा. आणि पायात चप्पल नको, बूट घाला.