बँडमधून गेलेला माणूस

आईची 'अनुपमा' चालू असताना मी एकदा सहज म्हणालो, "हा वनराज पूर्वी बँडमध्ये गायचा." आईने असं बघितलं, जणू मी शेजारच्या काकांवर आळ घेतला. पण खरं आहे. २००२ साली 'अ बँड ऑफ बॉइज'चा 'ये भी वो भी' हा पहिला अल्बम आला तेव्हा मुंबईची ती पाच पोरं होती: करण ओबेरॉय, शेरीन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर, चिंटू भोसले (आशाताईंचा नातू) आणि हा सुधांशू पांडे. २००४ मध्ये पाचही जणांनी 'किस किस को' नावाचा सिनेमा केला (तो पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय :) ). पुढे सुधांशू बाहेर पडला.

२००२ मध्येच चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स'मधून निवडलेल्या पाच मुलींचा 'व्हिवा' आला. पहिल्या अल्बमनंतर महुआ कामत गेली, चौघी उरल्या, दुसरा अल्बम काढला आणि काही वर्षांत तेही संपलं. तेव्हा आम्हा कॉलेजच्या पोरांचं मत ठरलेलं... एक गेला की बँड गेला.

मला आता ते पटत नाही, आणि त्याला कारण आमच्या रेवदंड्याकडची बेंजो पार्टी. तिथे दर दोन वर्षांनी माणसं बदलायची. कुणी थळला आरसीएफमध्ये अप्रेंटिस लागला, कुणी उरणला जेएनपीटीत, कुणी बोटीवर. तरी हळदीच्या रात्री पार्टी तीच वाटायची! आपला बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, मूळचा जपानी तायशोगोतो. एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. आमच्याकडे नोटेशन वगैरे भानगड नव्हती, शेजारी बसून बघायचं. त्यामुळे जुन्याच्या खोडी नव्याच्या बोटांत उतरायच्या. टीव्हीवर जमवलेल्या ग्रुपमध्ये हे होणार कसं? व्हिवात पाचवीच्या जागी कुणी आलीच नाही. तिथे जागा चेहऱ्याची होती.

असो. हे सगळं सांगतोय, कारण एक गोष्ट कबूल करायची आहे.

२००३ मध्ये आमच्या पार्टीने कॅसेट काढली. पहिली आणि शेवटची. आठ गाणी, एका दिवसात रेकॉर्डिंग. बेंजो वाजवला होता दादाने. मधले सगळे पीसही त्यानेच बसवलेले. पण कॅसेट निघेपर्यंत दादा बोटीवर गेला होता आणि त्याच्या जागी नवा पोरगा बसायला लागला होता. कव्हर करायचं काम माझ्याकडे, कारण घरात कॉम्प्युटर असलेला मी एकटाच. पार्टीचा म्होरक्या म्हणाला, "तो आता नाय ना आपल्यात, नव्याचं नाव टाक." मी कोरल ड्रॉ उघडलं आणि टाकलं. दोन मिनिटांचं काम.

आता वीस वर्षं कोड लिहितोय. माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याने लिहिलेल्या ओळीपुढे त्याचंच नाव दिसतं, आणि ते बदलायला गेलं तर बोंब होते. कॅसेटला अशी सोय नव्हती. ती सोय मीच होतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: पोस्टरवर आजचे चेहरे खुशाल छापा, पण अल्बमवर नाव त्याचं, ज्याने त्या दिवशी वाजवलं. मग तो दुसऱ्या दिवशी भांडून गेलेला असो, नाहीतर पोटासाठी.

गेल्या गणपतीत दादा घरी आला. मी कॅसेटवरून उतरवून घेतलेली गाणी त्याच्या लेकीने मोबाइलवर लावली, कव्हरचा फोटोही होताच. तिसऱ्या गाण्यात बेंजो सुरू झाला तसा दादा हसला, "हा मी."

लेकीने फोटो मोठा करून वाचला. "पप्पा, तुमचं नाव कुठाय?"

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "तेव्हा मी बोटीवर होतो ना गं," म्हणाला.