सही करण्याआधी खिडकी मोजा

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की मागोमाग पुनर्विकासाची बैठक सुरू होते. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यापासून गोळीबारपर्यंत अशा बऱ्याच बैठकांना आम्ही बसलो आहोत. प्रश्न ठरलेले असतात. घर किती फुटांचे? भाडे किती महिन्यांचे आगाऊ? परिशिष्ट-२ मध्ये नाव आले का? हे विचारायलाच हवे. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती आणि खिडकी कुठल्या बाजूला उघडते, हे विचारताना आम्ही अजून कोणाला ऐकले नाही. मागे बसलेली एखादी आजी "उजेड येईल का गं तिथे?" असे पुटपुटते आणि पुढची मंडळी हसतात.

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही नर्सची नोकरी करत होतो तेव्हा क्षयाच्या रुग्णांचे पत्ते लिहून घ्यायचो. एकाच इमारतीचे नाव पुन्हा पुन्हा यायचे, आणि मजला बहुधा तळाचा किंवा पहिला. एकाचा खोकला दुसऱ्याला लागला असेल, एवढेच तेव्हा आम्हाला वाटायचे. दोष इमारतीचाही असू शकतो, हे डोक्यात आले नाही.

मग २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांचा मानखुर्द-गोवंडीतला अभ्यास आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहती त्यांनी तपासल्या. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या, मध्ये जेमतेम तीन मीटरची फट. तिथे क्षयाचे प्रमाण मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि खालच्या मजल्यांवर अधिक. कारण साधे आहे. क्षयाचा जंतू खोकल्यातून हवेत जातो. हवा खेळती असली की तो पांगतो, उन्हात मरतो. बंद, अंधाऱ्या खोलीत तो तासन्‌तास तरंगत राहतो आणि घरातले सगळे तीच हवा ओढत बसतात. झोपडी सोडून पक्क्या घरात गेलो आणि आजार वाढला, असे व्हायचे ते यामुळे.

सांताक्रूझला हा धोका जास्त आहे असे आम्हाला वाटते. आपल्या डोक्यावरून विमाने जातात, त्यामुळे इमारतीच्या उंचीवर मर्यादा आहे. उंच जाता येत नसले की बिल्डर इमारती जवळ-जवळ कोंबणार. त्यात झोपडपट्टी पुनर्वसनात मोकळ्या जागेचे नियम शिथिल करता येतात. २६९ फुटांचे घर ३०० फुटांचे झाले म्हणून आपण पेढे वाटतो. पण भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीचे ३०० फूट घेऊन करायचे काय?

इथे रहिवासी समितीचे काम सुरू होते. समिती म्हणजे बिल्डरच्या ऑफिसात चहा प्यायला जाणारी चार माणसे नव्हेत. गोळीबारच्या गणेश कृपा सोसायटीतल्या रहिवाशांनी आपल्या संमतीबद्दलच शंका घेतली, पाडकाम अडवले, आणि मे २०११ मध्ये मेधा पाटकर तिथे नऊ दिवस उपोषणाला बसल्या. त्या लढ्याबद्दल मते वेगळी असतील, पण वस्तीने कागद मागितले हे महत्त्वाचे. तेव्हा ७० टक्के संमती लागत होती, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे निम्म्या वस्तीला नकाशा न दाखवताही योजना पुढे जाऊ शकते. म्हणून आधी नकाशा, मग सही. समिती देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्राधिकरणाचे कार्यालय वांद्रे पूर्वेलाच आहे, लांब नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. पात्र ठरलेले लोक समिती चालवतात आणि अपात्र शेजाऱ्याला बैठकीचे बोलावणेही जात नाही. जंतूला परिशिष्ट-२ वाचता येत नाही, त्याला सगळी गल्ली सारखी. पाण्याचेही तसेच. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या वस्तीत शेजारीण अपात्र म्हणून नळाच्या अर्जातून वगळली जात असेल, तर आपण १९२७ नंतर शिकलो काय?

इमारत व्हायला वर्षे लागतात. तोवर गल्लीत कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर समितीतल्या ताईंनी त्याला सोबत घेऊन पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा; दोन महिन्यांत बरे वाटते आणि गोळ्या सुटतात, तिथेच घात होतो. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात, त्याची नोंद झाली का तेही विचारा. ज्या घरात बाई एकटी कमावती आहे तिथे ती रांगेत उभी राहू शकत नाही, तिचे कागद समितीनेच करून द्यावेत.

आणि पुढच्या रविवारी नकाशा भिंतीवर लावाल तेव्हा त्या आजीला पुढे बसवा. तिचा चष्मा सोबत आणायला सांगा.