आणखी कोणते मासे सोडू?

घरात फिश टँक असलेल्या माणसाला सतत छळणारा प्रश्न पाण्याचा किंवा फिल्टरचा नसतो. ‘यात आणखी कोणते मासे सोडता येतील?’ हा असतो. दुकानात तोच विचारला जातो, पाहुणेही तोच विचारतात. निदान एका जातीच्या माशांच्या बाबतीत तरी हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. मी हे शहाणपणानं म्हणत नाही. या प्रश्नाचं ‘बरोबर’ उत्तर शोधून ते अमलात आणण्याच्या नादात मी माशांची एक अख्खी पिढी घालवली, म्हणून म्हणतो.

त्या माशांचं नाव निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस. हौशी मंडळी त्यांना नुसतं ‘मल्टी’ म्हणतात. सिक्लिड कुळातल्या सगळ्यात लहान माशांमध्ये त्यांची गणना होते. नर जेमतेम ४-५ सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. त्यांचं गाव आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. बुरुंडी, काँगो, टांझानिया आणि झांबिया अशा चार देशांना लागून असलेलं हे पाणी सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल आहे. ते क्षारयुक्त आहे, पीएच ९च्या आसपास. अशा पाण्यात मेलेल्या गोगलगायींचे शंख सहजी विरघळत नाहीत. निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख तळाशी साचत जातात आणि त्यांचे मोठमोठे पट्टे तयार होतात. मल्टी त्या शंखांमध्ये राहतात.

राहतात म्हणजे नुसते लपत नाहीत. तोंडात वाळू भरायची, थोडं लांब जाऊन थुंकायची, परत यायचं, परत भरायची. असं करत ते खड्डा खणतात आणि वाळूत गाडले गेलेले शंख मोकळे करतात. मादी शंखाच्या आत अंडी घालते. काही दिवसांनी शंखाच्या तोंडाशी डासाच्या अळीएवढी पिल्लं दिसू लागतात. वाढलेली पिल्लं लगेच घर सोडत नाहीत. एकाच वसाहतीत लहान-मोठी भावंडं एकत्र नांदतात. कार्स्टन श्राडिन आणि युर्ग लाम्प्रेख्ट या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलंय, की माद्यांची आपसात जुंपली की नर मध्ये पडून भांडण सोडवतो. माझ्या बोटाएवढाही नसलेला मासा घरातली भांडणं मिटवतो, हे वाचलं त्याच आठवड्यात मी सहा मल्टी घेऊन आलो.

मी वाकडला भाड्याच्या फ्लॅटात राहतो. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. त्यानं नळांवर पांढरे थर बसतात, गीझर बिघडतो, पण या माशांना ते मानवलं. टाकी दोन फुटांची, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच. तळाला वाळू, वाळूवर भाताच्या खाचरातल्या गोगलगायींचे वीसेक रिकामे शंख. आठ महिन्यांत सहाचे पंचवीस-तीस झाले. नक्की मोजता येत नसत, कारण मोजेपर्यंत कोणीतरी शंखात शिरलेलं असे.

मग आई गावाहून आली. टाकीसमोर उभी राहून म्हणाली, “अरे, एवढ्या मोठ्या टाकीत एवढेसेच मासे? वर सगळं रिकामंच आहे की. दोन रंगीत सोड.” ऑफिसातले मित्रही असंच काहीबाही बोलून गेले होते. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, “सर, ज्युलीची जोडी टाका बिनधास्त. तेही टांगानिकाचेच, दगडात राहतात. तुमचे वाळूत. भांडणाचा प्रश्नच नाही.” मी घरी येऊन कम्पॅटिबिलिटी चार्ट पाहिला. आडवी नावं, उभी नावं, मध्ये हिरव्या-लाल चौकटी. मल्टी आणि ज्युलिडोक्रोमिस यांच्या चौकटीत हिरवं. मी दगड रचले आणि जोडी सोडली.

एकही मल्टी मेला नाही. हे आधी सांगायला हवं, कारण चार्टच्या हिशेबानं प्रयोग यशस्वी झाला होता. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की शंखांच्या तोंडाशी पिल्लं दिसत नाहीत. मधल्या वयाची होती तीही कमी झाली होती. मोठे मासे खणायचे थांबले होते. ते शंखात बसून राहत, खायला टाकलं की झटकन बाहेर येत आणि परत आत जात. ज्युलींची पिल्लं मात्र दगडांच्या फटीत मजेत होती. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट पास होत होत्या आणि प्रॉडक्ट बंद पडलं होतं. मी चूक शोधत नव्हतो, कारण कुठेच एरर दिसत नव्हता.

म्हणून माझं पहिलं भांडण त्या चार्टशी आहे. चार्ट दोन नावांची जोडी तपासतो. टाकी म्हणजे जोडी नव्हे. अ-चं ब-शी जमतं आणि ब-चं क-शी जमतं, म्हणून तिघांचं एका खोलीत जमेल असं नसतं. जमणं टाकीच्या लांबीवर ठरतं, आधी कोण आलं यावर ठरतं, दगड आणि शंख एकमेकांपासून किती दूर आहेत यावर ठरतं. चार्टला यातलं काहीच माहीत नसतं. आमच्याकडे सध्या माझ्या पत्रिकेवरून असंच चाललंय. छत्तीसपैकी इतके गुण जुळले म्हणजे झालं. ज्यांना एकत्र राहायचंय त्यांना विचारायची गरज नाही. निदान मला ‘नाही’ म्हणता येतं.

दुसरं भांडण ‘कम्पॅटिबल’ या शब्दाच्या अर्थाशी. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कोणी कोणाला खात नाही’ एवढाच उरलाय, आणि त्यातही पिल्लं धरलेली नाहीत. मोठा मासा जिवंत आहे ना, मग झालं. पण मल्टीनं जगणं म्हणजे खणणं, शंखावरून कुरकुरणं, पिल्लं वाढवणं. ते थांबलं आणि श्वास चालू राहिला, तर त्याला जमणं कसं म्हणायचं?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. सगळ्यात लोकप्रिय मुद्दा मजल्यांचा. तळमजल्यावर मल्टी, मधल्या मजल्यावर दगडातले ज्युली, वर मोकळ्या पाण्यात सिप्रिक्रोमिस. चार फुटांहून मोठ्या टाकीत, दगड एका टोकाला आणि शंख दुसऱ्या टोकाला ठेवून हे जमू शकतं, हे मी मान्य करतो. पण हा सल्ला ज्यांना दिला जातो त्यांच्याकडे दोन फुटांची टाकी असते. ३० सेंटिमीटर उंचीत मजले नसतात, एकच खोली असते. सिप्रिक्रोमिस थव्यानं पोहणारा मासा आहे. त्याला दोन फुटांत ठेवणं हा मल्टीवर नाही तर त्याच्यावरच अन्याय. बाकीची नावंही अशीच. ओसेलॅटसला तेच शंख हवे असतात. सिमिलिस दिसायला इतका सारखा, की संकर होण्याची भीती. ब्रिचार्डीचं कुटुंब वाढलं की अख्खी टाकी त्याची. सिनोडॉन्टिस रात्री हिंडतो आणि अंडी-पिल्लं गट्टम करतो. निऑन टेट्राला मुळात वेगळंच, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागतं.

दुसरा मुद्दा असा, की वर पोहणारे मासे असले तर खालचे लाजरे मासे धीट होतात. काही जातींच्या बाबतीत हे खरं आहे. पण स्थिरावलेला मल्टी लाजरा नसतो. मी काच पुसायला हात घालतो तेव्हा नर येऊन माझ्या बोटाला धडका देतो. त्याला आणखी धीट करायची गरज मला तरी दिसत नाही.

तिसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. सरोवरात शिकारी असतातच. इथे नसले तर पिल्लं वाढून टाकी भरून जाईल, मग एखादा खाणारा हवाच. यातला पहिला भाग बरोबर आहे. पण सरोवरातला शिकारी येतो आणि निघून जातो. माझ्या टाकीतला निघून जाऊ शकत नाही. तो रोज, चोवीस तास, दीड फुटावर असतो. वाढलेल्या माशांसाठी सोपा उपाय आहे: दुसऱ्याला द्या. यंदा मी तिघांना दिले.

आणि शेवटचा मुद्दा, जो एका मित्रानं तोंडावर विचारला: “एवढा कळवळा आहे तर काचेत कशाला ठेवतोस?” याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण अर्धं आहे. बहुतेक माशांचं आयुष्य आपल्या टाकीत मावत नाही. आपण त्याचा तुकडा ठेवतो. मल्टीचं आयुष्य मुळातच काही शंखांभोवतीच्या वाळूपुरतं असतं. जन्म, वाढ, भांडणं, संसार, सगळं तेवढ्यात. दोन फुटांत जवळजवळ पुरतं मावणारं आयुष्य क्वचित मिळतं. पण ते मावतं ते दोन फूट त्यांचे असतील तरच. आपण वरचं पाणी ‘रिकामं’ आहे म्हणून तिथे शोभा आणायला जातो आणि तेवढंही काढून घेतो. बाजारात या सगळ्या जिवांना ‘शोभिवंत मासे’ म्हणतात, त्यातच खरी गोम आहे. शोभा बघणाऱ्याची असते.

ज्युलींना काढताना सगळे दगड उचलावे लागले. जोडी आणि तिची पिल्लं दुकानात परत दिली. दुकानदारांनी विचारलं, “मेले का तुमचे?” मी “नाही” म्हणालो. “मग?” या ‘मग’चं उत्तर मला काउंटरवर उभं राहून देता आलं नाही, ते इथे देतोय.

तीन आठवडे काही घडलं नाही. मग एका सकाळी शंखांच्या मागे काचेला लागून वाळूचा ढीग दिसला, जो मी केलेला नव्हता. त्यानंतर दीडेक महिन्यानं पिल्लं दिसली. आई दिवाळीनंतर पुन्हा आली. वर पाणी पूर्वीसारखंच रिकामं होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, “हे सारखं उकरतंय काय रे?” मी सांगत गेलो. नवीन मासे सोडण्याचा विषय तिनं काढला नाही.

मी ज्या तिघांना मासे दिले, त्यांना एकच अट घातली: सहा महिने यात दुसरं काही सोडायचं नाही. दोघांनी पाळली. तिसऱ्यानं परवा फोन केला, “यात गप्पी चालतील का?” मी त्याला विचारलं, मल्टी सध्या काय करतायत? म्हणाला, नीट पाहिलं नाही. मी म्हटलं, आधी ते पाहा.