वरळीचा जल्लोष आणि देगलूरची शाळा

मुंबईत वरळीच्या डोममध्ये ५ जुलै २०२५ रोजी जो विजय मेळावा झाला, त्याची छायाचित्रे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. सुमारे दोन दशके एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, मिठी मारली आणि मराठीच्या नावाने जयघोष झाला. निमित्त होते पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांत हिंदी अनिवार्य केली. आठवडा उलटण्यापूर्वीच शिक्षणमंत्र्यांना ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती द्यावी लागली. १७ जूनला सुधारित निर्णय निघाला आणि २९ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचे जाहीर केले. ज्या मोर्चाची हाक दिली होती, त्याचा मग विजय मेळावा झाला.

लोकशाहीत पक्षांनी जनतेला हाक द्यावी, रस्त्यावर उतरवावे, शासनाला माघार घ्यायला लावावे, यात गैर काही नाही. उलट शिक्षणासारख्या विषयावर एखादा पक्ष रान पेटवतो, हे एरवी दुर्मीळच दृश्य! परंतु त्याच सुमारास मीरा रोडच्या एका दुकानदाराच्या कानशिलात भडकावून काही मंडळींनी मराठीचा जो ‘अभिमान’ दाखवला, त्याने मराठीची एक ओळही कोणी अधिक शिकले नाही. आणि सरकारच्या बाजूनेही कबूल केले पाहिजे की, हा गोंधळ विरोधकांनी निर्माण केलेला नव्हता. अडीच महिन्यांत एकाच विषयावर चार भूमिका घेणाऱ्या शासनाने आपल्या टीकाकारांना मेळाव्याचे आमंत्रण स्वतःच छापून दिले होते. माशेलकर समितीचा अहवाल आधीच्या मंत्रिमंडळाने स्वीकारला होता की केवळ पटलावर घेतला होता, हा वाद दोन्ही बाजूंनी खेळला गेला. त्याने वर्गातल्या मुलाचा प्रश्न सुटत नाही.

हा प्रश्न वरळीहून नव्हे, देगलूरहून पाहावा असे आम्हाला वाटते. मुंबईपासून सहाशे किलोमीटरहून दूर, तेलंगण आणि कर्नाटकाच्या कुशीत वसलेला हा नांदेड जिल्ह्याचा तालुका. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत याच तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे तोडून तेलुगू भाषकांच्या राज्याला दिली गेली. रेषा कागदावर ओढली गेली. सोयरिकी, शेती आणि बाजार मात्र रेषेला जुमानत नाहीत. आजही येथल्या बाजारात तेलुगूत भाव विचारला जातो, दखनीत घासाघीस होते आणि हिशेब मराठीत मांडला जातो. औरादकडची सोयरी मंडळी आली की घरात कन्नड सुरू होते. तीन भाषांचे सूत्र या भागातील किराणा दुकानदाराला कोणत्याही आयोगाने शिकवलेले नाही.

अशा गावातील मुलासाठी १७ जूनच्या निर्णयात एक पळवाट ठेवली होती. हिंदीऐवजी अन्य भारतीय भाषा शिकायची असेल तर ती शिकता येईल. मात्र त्या इयत्तेत तशी इच्छा दर्शवणारी किमान २० मुले हवीत, तरच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकावी. वाचायला हे उदार वाटते. आता शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची उघडून पाहावी. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पटसंख्या असेल तर शिक्षक दोन. म्हणजे साठच्या साठ मुले असली तरी एका इयत्तेत सरासरी बारा. द्विशिक्षकी शाळेत तेलुगूसाठी वीस मुले आणायची कोठून? पूर्ण वर्गाने हात वर केला तरी संख्या भरत नाही! राहिले ऑनलाइन. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरून अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग टाळेबंदीच्या काळात सर्वांनी पाहिला आहे, त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. थोडक्यात, हा पर्याय मोठ्या शहरांतील मोठ्या शाळांसाठी होता. सीमेवरच्या वाडी-तांड्यासाठी तो केवळ छापलेला होता. मेळाव्यातील भाषणांत या विसाच्या अटीचे गणित कोणी मांडले असते, तर आम्ही त्या वक्त्याचे जाहीर अभिनंदन केले असते.

बरे, जे दोन गुरुजी आहेत त्यांनी पाच वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, माहिती भरायची, निवडणुकीची कामे करायची आणि वर तिसरी भाषा शिकवायची. पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. लातूरच्या या मुख्यमंत्र्यांच्या काळात मराठी शाळेतील सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात दुसरी भाषा पडली, ती कायमची. त्यावर तिसरी ठेवण्यापूर्वी पहिलीचे काय झाले, हे तपासण्याची गरज होती. १९६८ च्या धोरणातील त्रिभाषा सूत्र माध्यमिक टप्प्याविषयी बोलत होते आणि आपल्या मराठी शाळांत पाचवीपासून हिंदी शिकवली जातेच. तिला कोणी विरोध केला नाही, कारण तोवर मूल मराठी वाचू लागलेले असते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चा आधार या निर्णयाला दिला गेला. परंतु तेच धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे सांगते आणि कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही असेही म्हणते. संघाचे अखिल भारतीय प्रचार प्रमुख सुनील आंबेकर यांनीही जुलै २०२५ मध्ये भारतातील सर्व भाषा राष्ट्रभाषाच आहेत आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेत व्हावे, ही भूमिका पुन्हा मांडली. हिंदीचा द्वेष आणि हिंदीची घाई या दोन्हींपासून सारखेच अंतर राखणारी ही भूमिका आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी चौकातल्या वादात पडताना ती नीट समजून घ्यावी.

भाषेची सक्ती म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगायला कोणी वरळीहून येण्याची आवश्यकता नाही. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले ते उर्दू माध्यमाचे. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला आपल्या भाषेत वरचे शिक्षण नव्हते. तेव्हा येथील माणसांनी काय केले? शाळा काढल्या. १९०७ मध्ये गुलबर्ग्याला नूतन विद्यालय आणि हैदराबादला विवेकवर्धिनी, १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. आजच्या कर्नाटकात जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ या हिप्परग्याच्या शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरीत मुख्याध्यापक होते; मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व वर्गाच्या फळ्यासमोरून आले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. आणि संस्थान मुक्त झाल्यावर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, तेही स्वामीजींच्याच पुढाकाराने. जिंकल्यानंतरही त्यांनी शाळाच काढली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

देगलूरला सभांची कमतरता कधीच नव्हती. २०२१ ची पोटनिवडणूक राज्यभर गाजली. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधींची भारत जोडो यात्रा महाराष्ट्रात शिरली ती याच गावातून. फेब्रुवारी २०२३ मध्ये चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेऊन तेलंगणच्या योजनांची जंत्री ऐकवली आणि सीमेवरच्या काही गावांना ती गोडही वाटली. ती का गोड वाटली, याचा विचार मुंबईतील सर्वच पक्षांनी करायला हवा होता. मंडप उतरले, शाळा तेथेच राहिल्या.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीची बैठक कधी झाली, दुसरीतल्या किती मुलांना मराठीचा धडा अडखळता वाचता येतो, दोनपैकी किती गुरुजी प्रत्यक्ष हजर असतात, हे विचारायला कोणत्याही ठाकरेंची वा फडणवीसांची परवानगी लागत नाही. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर या पट्ट्यातील आमच्या वाचकांनी येत्या महिन्याच्या बैठकीला जावे आणि तेथे जे दिसेल ते आम्हाला कळवावे. आम्ही ते छापू, ते कोणाच्या सोयीचे असो वा नसो.