जोडे शिवणारा प्लेसी आणि न्यायमूर्ति हार्लन

वाचकहो, न्यायाधीश कोणाच्या पोटीं जन्मला एवढ्यावरून त्याचा न्याय ओळखतां येत नाहीं. त्याचे निकालच पाहावे लागतात. अमेरिकेंतील जॉन मार्शल हार्लन यांचें चरित्र आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें आम्ही ह्याच हेतूनें मांडतों. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. त्या मुक्त झालेल्यांच्या वांट्याला पुढें काय आलें, तें ह्या गृहस्थांच्या निकालांवरून कळतें.

हार्लन १८३३ सालीं केंटकी राज्यांत जन्मले. बाप वकील व पुढारी. घरीं गुलाम राबत. हेही वकील झाले, यादवी युद्धांत सरकारपक्षाकडून लढले. पण गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती मात्र त्यांना नको होती. पुढें पक्ष बदलला, मतही बदललें, आणि तें बदलल्याचें त्यांनीं भर सभांतून कबूल केलें. गव्हर्नरपदासाठीं १८७१ व १८७५ सालीं उभे राहिले व दोन्ही वेळां पडले. १८७७ सालीं सर्वोच्च न्यायालयांत नेमणूक झाली. अशा माणसाकडून काळ्या लोकांनीं काय आशा धरावी?

हॉटेलें, नाटकगृहें व आगगाड्या काळ्यांना खुल्या करणारा कायदा १८८३ सालीं आठ न्यायाधीशांनीं रद्द ठरविला. हार्लन एकटे विरुद्ध राहिले. विरुद्ध मत लिहितांना त्यांची लेखणी अडली. काळा मनुष्य ह्या देशाचा नागरिक होऊंच शकत नाहीं, हा १८५७ चा निकाल ज्या दौतींतून लिहिला गेला, तीच दौत पत्नीनें शाई भरून त्यांच्या टेबलावर ठेविली, अशी आठवण तिनें लिहिली आहे. अशी बायको प्रत्येक न्यायाधीशाला लाभो!

होमर प्लेसी हा न्यू ऑर्लिन्सचा जोडे शिवणारा. सोळा आण्यांत दोन आणे रक्त आफ्रिकी, दिसायला गोराच. कायद्याची कसोटी पाहण्यासाठीं तो १८९२ सालीं गोऱ्यांच्या डब्यांत जाऊन बसला व पकडला गेला. १८९६ सालीं सात न्यायाधीशांनीं वेगळे डबे कायदेशीर ठरविले. हार्लन पुन्हां एकटे! आमच्या देशांत जात नाहीं, घटनेला रंग दिसत नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. ‘कास्ट’ हाच शब्द त्यांनीं वापरला, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

परंतु आम्ही कोणाची आरती करीत नाहीं. त्याच मतांत चिनी लोकांविषयीं त्यांनीं हलकें लिहिलें. आणि १८९९ सालीं, जॉर्जियांतील ऑगस्टा गांवच्या शाळामंडळानें पैसे पुरत नाहींत म्हणून काळ्या मुलांचें हायस्कूल बंद केलें, गोऱ्या मुलींचें चालू ठेविलें, तेव्हां मंडळाला मोकळें सोडणारा निकाल हार्लन यांनींच लिहिला. डब्यांतला अन्याय दिसला, शाळेंतला दिसला नाहीं! डबा उतरल्यावर सुटतो. शाळा बंद झाली कीं पिढी बसते. पैसे नाहींत ही सबब आमच्याही कानांना ओळखीची आहे.

हार्लन १९११ सालीं वारले. वेगळ्या शाळा त्याच न्यायालयानें बेकायदा ठरविल्या १९५४ सालीं. तोंवर त्यांना जाऊन ४३ वर्षें झालीं होतीं.