सहाही घरांची परीक्षा

विजयादशमीचे शस्त्रपूजन आपल्या घरांतून अजून टिकून आहे. बहुतेकांच्या पाटावर विळी, अडकित्ता, फार तर आजोबांची म्यानातच गंजलेली तलवार. आमच्या सुदामा नगरातील एका सेवानिवृत्त सुभेदारांच्या पाटावर मात्र यंदा कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ‘निर्भीक’ होते : २०१४ साली प्रथम निघालेले, सहा गोळ्यांचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी रेंजवर जाऊन बार काढावा, असा चिरंजीवांचा आग्रह. कारखान्यातून तपासून आलेल्या वस्तूत आणखी काय पाहायचे?

पाहायचे ते असे. पिस्तुलाला गोळीचे घर एकच आणि ते नळीशी कायमचे जोडलेले. रिव्हॉल्व्हरला घरे सहा आणि प्रत्येक घर फिरून नळीसमोर यायचे. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतले त्याचे मर्म हेच, की घोडा मागे ओढताच सिलिंडर फिरावे आणि नेमक्या जागी अडकावे. ते किंचित मागे राहिले, तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते आणि शिशाचे तासलेले कण सिलिंडर व नळी यांमधल्या फटीतून बाजूला उडतात. झाडणारा सुटतो, शेजारी उभा असलेला डोळा गमावू शकतो. कारखान्याचा शिक्का हा डोळा परत देत नाही.

सुभेदारांनी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवविली, सहाही घरे रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि नळीचे तोंड जाड भिंतीकडे केले. मग सिलिंडरवर एका बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश ओढला. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर खाचेत ‘टक्’ करून बसलेच पाहिजे. झटक्याने ओढल्यास वेगाच्या भरात तेही बसते आणि दोष झाकला जातो, म्हणून सावकाशपणा. हे सहा वेळा, प्रत्येक घरासाठी निराळे. (एक गणित बरोबर आले म्हणून पूर्ण गुण मागणारे विद्यार्थी आम्हांस याच वेळी आठवले.) अडकलेले सिलिंडर बोटांनी हलविल्यास अगदी थोडे हलणे क्षम्य, कारण नळीचे तोंड आतून किंचित पसरट असते आणि गोळी तेथे सावरते. संशय राहिलाच तर बंदुकांचा जाणता कारागीर नळीच्या मापाची सळई तोंडातून घालून पाहतो. ती कोठेही न अडता घरात उतरली पाहिजे.

सहाही घरे नीट बसली. तरी रेंजवर पहिल्या खेपेस एकच काडतूस भरायचे आणि चिरंजीवांनी बाजूला नव्हे, चांगले मागे उभे राहायचे, हे सुभेदारांनी तेथेच ठरवून टाकले.