भाताची लोंबी आणि वेदीवरील गहूं



ख्रिस्तमंदिरांत वेदीच्या वस्त्रावर, कांचेच्या खिडक्यांवर व पूजेच्या पात्रांवर गव्हाच्या ओंब्या, द्राक्षांचे घोस, कोंकरूं, मासा, आणि चोचीनें स्वतःची छाती फोडणारा पक्षी हीं चित्रें वारंवार आढळतात. मुलें तीं दर रविवारीं पाहतात. पण अर्थ विचारला तर बहुतेक गप्प राहतात. ज्या चिन्हाचा अर्थ हरपला, तें चिन्ह राहत नाहीं. केवळ नक्षी होऊन बसतें. म्हणून या चित्रांचा अर्थ मुलांस आधीं सांगावा, आणि आपल्या मातींतील चिन्हांनाही त्यांच्या शेजारीं स्थान द्यावें, असें आमचें मत आहे.

ओंबी व द्राक्षें हीं पवित्र मिस्सेंतील भाकरीचीं व द्राक्षारसाचीं चिन्हें होत. त्यांच्या रूपांत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो, ही कॅथलिक श्रद्धा. दाणा जमिनींत पडून मेल्यावांचून पीक येत नाहीं, हा दृष्टान्त योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. पुष्कळ दाणे दळले जाऊन जशी एक भाकर होते, तसें अनेकांनीं एक व्हावें, असें संत ऑगस्टीन आपल्या प्रवचनांत सांगे. कोंकरूं हें मिसर देशांतून सुटकेच्या रात्रीं इस्राएल लोकांनीं वधिलेल्या वल्हांडणाच्या कोंकराचें स्मरण. रोम येथील कॅलिक्स्टसच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकाच्या सुमारास भाकरीच्या टोपलीसह मासा रंगविलेला आहे; कारण ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें जुळवलीं म्हणजे त्या भाषेंतील ‘मासा’ हा शब्द तयार होतो.

पक्षी म्हणजे पेलिकन. तो आपल्या रक्तानें पिल्लांना जगवितो अशी जुनी समजूत होती. संत थॉमस अक्वायनसच्या स्तोत्रांतही त्याचा उल्लेख आहे. जुन्या गोव्यांतील ख्रिस्ती कलासंग्रहालयांत याच पक्ष्याच्या आकाराचें, साक्रामेंत ठेवण्याचें एक चांदीचें पात्र पाहावयास मिळतें. विज्ञान शिकणारा विद्यार्थी म्हणेल, “पेलिकन असें कांहींच करीत नाहीं, तो चोचीखालच्या झोळींतून पिल्लांना मासे भरवितो.” त्याचें म्हणणें खरें आहे, व तें त्यानें अवश्य म्हणावें. परंतु चिन्ह म्हणजे प्राणिशास्त्राचा धडा नव्हे. आई स्वतः उपाशी राहून मुलास घांस देते, हें ज्यानें पाहिलें, त्याला त्या चित्राचें मर्म सांगावें लागत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. बेलवलीसारख्या गांवीं आज इमारती वाढल्या असल्या, तरी उल्हास नदीच्या या खोऱ्याचें जुनें पीक भात. कोंकणच्या मुलास गव्हाच्या शेतापेक्षां भाताचें खाचर अधिक ओळखीचें. मुंबई-ठाणें भागांतील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ‘आगेरा’ साजरा करतो, तेव्हां नव्या भाताच्या लोंब्यांना मंदिरांत आशीर्वाद दिला जातो. गोव्यांत ऑगस्ट महिन्यांत ‘कणसांचें फेस्त’ होतें. मग हीच लोंबी वेदीच्या वस्त्रावर कां भरतकाम करूं नये?

कोणी आक्षेप घेतील कीं, मिस्सेची भाकर गव्हाचीच असावी असा धर्मसभेचा नियम आहे. तो नियम आम्हांस मान्य आहे. पण विधींतील द्रव्य वेगळें आणि सजावटींतील चिन्ह वेगळें. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवींत रचलें व तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें; शुभवर्तमान तेंच राहिलें, वेष मात्र आपला झाला. विसाव्या शतकांत आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकारानें पवित्र मरियेस साडी नेसविली. तेणेंकरून तिची पवित्रता यत्किंचितही उणी झाली नाहीं.

या सर्व चित्रांचा शेवटचा अर्थ मात्र वस्त्रावर नाहीं, पंक्तींत आहे. करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनास जमत, तेव्हां एक जण पोटभर जेवी व दुसरा उपाशी राही. त्याबद्दल संत पौलानें त्यांना कडक शब्दांत दोष दिला. मधल्या सुटींत ज्याचा डबा रिकामा आहे, तो मुलगा कोणत्या जातीचा वा धर्माचा हें न विचारतां जो आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्यापुढें करतो, त्याला ओंबीचा अर्थ कळला. ज्यानें डबा झांकून घेतला, त्यानें वेदीवरील सोनेरी गहूं शंभर वेळां पाहिला, तरी तो पाहिलाच नाहीं असें समजावें. पालकांनीं घरीं व शिक्षकांनीं वर्गांत हा पाठ आधीं द्यावा; भरतकाम मागाहून होईल.